सतरा ओळींचा फरक

एकाच महिन्याचे दोन रिपोर्ट शेजारीशेजारी उघडे आहेत. पहिला बिलांच्या ओळी नुसत्या मोजतो: ४८,२१२. दुसरा त्याच ओळी वस्तूंच्या मास्टरशी, म्हणजे मूळ यादीशी, जोडून, प्रत्येकीपुढे वस्तूचं नाव लावून मोजतो: ४८,१९५. मधल्या मधे सतरा ओळी गळाल्या. कुठे लाल अक्षरांत काही आलेलं नाही, लॉग स्वच्छ आहे, दोन्ही क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, झटकन परतल्या आहेत. अठ्ठेचाळीस हजारांत सतरांचं काय एवढं, असं म्हणून खिडकी बंद करता येते आणि बहुतेक ठिकाणी ती बंद होतेच. पण हा आकडा एकदा नजरेला पडला की डोळ्यात कुसळ गेल्यासारखा सलत राहतो. त्या ओळी कुणीतरी भरल्या होत्या. त्यांवर तारीख आहे, नग आहेत, रक्कम आहे. टेबलात त्या आजही जागच्या जागी आहेत; फक्त वस्तूचं नाव विचारलं की हजेरीला येत नाहीत.

दोन टेबलं जोडणाऱ्या इनर जॉइनचा हा स्वभावच आहे. दोन्हीकडे जुळलं तर ओळ पुढे जाते, नाही जुळलं तर वगळली जाते, आणि वगळल्याची पावती कुणाला मिळत नाही. भागाकारात शून्य आलं तर डेटाबेस बहुधा ओरडतो, डिस्क भरली तर ओरडतो. दुवा तुटला तर मात्र त्याच्या हिशेबी काही बिघडलेलंच नसतं: तुम्ही जुळणाऱ्या ओळी मागितल्या, त्याने जुळणाऱ्या दिल्या. म्हणून हे दुखणं महिनोन्महिने अंगावर काढलं जातं आणि कळतं ते असं, दोन बेरजा योगायोगाने शेजारी आल्यावर.

जुन्या वह्यांमध्ये हा धोका लोकांनी ओळखला होता. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीपुढे 'खा. पा.' (खाते पान) असा अरुंद रकाना असतो. खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, ती नोंद ज्या पानावर गेली त्या पानाचा आकडा तिथे पडतो. खतावणीतही उलट बाजूने रोजकीर्दीचं पान लिहिलेलं असतं. म्हणजे दुवा दोन्ही टोकांना नोंदलेला असे आणि दोन्ही टोकांकडून तपासला जाई. रकाना कोरा दिसला तर खतवणी राहिली हे पान उलटताच कळायचं. शाईची एक बारीक टिकली, एका बोटाने धरलेली वही, दुसऱ्या बोटाने धरलेली दुसरी वही, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला आकडा. हे काम कंटाळवाणं होतं, पण तपासणाऱ्याला दुव्याची दोन्ही टोकं हातात लागत होती.

डेटाबेसमध्ये दुवा एकाच टोकाला असतो. एडगर कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात फॉरिन कीची, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे नेणाऱ्या रकान्याची, कल्पना आहे. त्या काळच्या जाळीदार रचनांत एक रेकॉर्ड दुसऱ्याकडे थेट पॉइंटरने बोट दाखवत असे. कॉडच्या मांडणीत बोट नाही, फक्त सारखेपणा आहे: इथल्या रकान्यात जे मूल्य आहे तेच तिथल्या कीमध्ये, म्हणजे ओळ ओळखण्याच्या रकान्यात, असेल, एवढाच करार. ही मोकळीक फार मोठी आहे, तिच्यावाचून आजची क्वेरी लिहिताच आली नसती. पण सारखेपणा कुणीतरी राखावा लागतो. एस्क्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या प्रमाणित नियमांत हा राखणदार आला १९८९ साली, आणि तोही ऐच्छिक जोड म्हणून. मधल्या वर्षांत आणि त्यानंतरही बरीच वर्षं ही राखण प्रोग्राममधूनच होत राहिली, आणि अशा काळात घडलेला डेटा अजून चालू यंत्रणांच्या पोटात आहे.

दुवा जिच्याकडे जातो ती ओळ पॅरेंट, जी दुवा धरते ती चाइल्ड. ज्या ओळीचा पॅरेंट सापडत नाही तिला या कामात ऑर्फन म्हणतात. मराठीत पोरकी. मला हा शब्द बरोबर वाटतो, कारण दोष त्या ओळीचा क्वचितच असतो.

शोधायची पहिली पायरी साधी आहे. चाइल्ड टेबलाकडून निघायचं, पॅरेंटला लेफ्ट जॉइन लावायचा, जो चाइल्डची एकही ओळ गाळत नाही, आणि पॅरेंटची की जिथे नल, म्हणजे रिकामी, आली तेवढ्याच ओळी ठेवायच्या. यात चाइल्डचा स्वतःचा रकाना नल असलेल्या ओळी आधीच बाजूला काढाव्यात. दुवा दिलाच नाही आणि दिलेला दुवा सापडत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच यादीत घातली की दोन्हींचा उपचार चुकतो. दुसरी पायरी उलट दिशेची: एकही बिल नसलेल्या वस्तू. इथे अनेक जण सवयीने 'नॉट इन' लिहितात आणि फसतात. बिलांच्या त्या रकान्यात एकच नल जरी असला, तरी बिल नसलेल्या प्रत्येक वस्तूबाबत तुलनेचं उत्तर 'नाही' न येता 'माहीत नाही' येतं, आणि क्वेरी शून्य ओळी परत करते. शून्य पाहून माणूस सुखावतो. तपासणीतलं खोटं शून्य खऱ्या चुकीपेक्षा घातक आहे, कारण त्यानंतर तिकडे परत कुणी पाहत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं तर हा खड्डा टळतो.

बेरजा जुळल्या म्हणजे दुवे शाबूत, हेही धरून चालू नये. मास्टरमध्ये एकच कोड दोनदा पडला असेल तर जॉइनमध्ये बिलाची ओळ दुणावते. सतरा गळाल्या आणि दुसरीकडे सतरा दुणावल्या की दोन्ही रिपोर्ट ४८,२१२ दाखवतील आणि दोन्ही पाहून सही होईल. म्हणून मोजणी बेरजेवर न सोडता कीनिहाय करायची: प्रत्येक चाइल्ड ओळीला किती पॅरेंट मिळाले, शून्य, एक की अधिक.

यावर नेहमीचं उत्तर येतं: फॉरिन की लावलेली आहे, मग हे सगळं कशाला? फॉरिन की लावलेली असावीच, त्यात दुमत नाही. पण तिच्या भरवशावर डोळे मिटण्याआधी तिला कुठे कुठे बगल देता येते ते माहीत हवं. मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये 'फॉरिन की चेक्स' हे व्हेरिएबल शून्य केलं की राखण थांबते, आणि पुन्हा एक केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. राखणदार फक्त पुढच्यांना अडवतो. मायएस्क्यूएलडंप या साधनाने काढलेल्या बॅकअप फाइलीच्या डोक्यावर हे शून्य करणारी ओळ असतेच, कारण टेबलं कोणत्या क्रमाने भरतील याची चिंता तिला टाळायची असते. टेबल जुन्या मायआयसॅम इंजिनवर असेल तर फॉरिन कीची व्याख्या निमूट वाचली जाते आणि सोडून दिली जाते. एस्क्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ओळी घाऊक भरणारा बल्क इन्सर्ट आपण होऊन सांगितल्याशिवाय फॉरिन की तपासत नाही, आणि भरून झाल्यावर त्या कन्स्ट्रेंटवर, म्हणजे बंधनावर, 'विश्वासार्ह नाही' असा शिक्का बसतो. तो 'सिस डॉट फॉरिन कीज'मध्ये 'इज नॉट ट्रस्टेड' या रकान्यात १ म्हणून दिसतो. तो पुसायला 'विथ चेक चेक कन्स्ट्रेंट' असं 'चेक' दोनदा लिहावं लागतं. पहिला 'चेक' म्हणजे जुन्या ओळी तपास, दुसरा म्हणजे राखण चालू कर. टायपिंगची चूक समजून पहिला 'चेक' त्याच्या 'विथ'सकट खोडणारे भेटतात. तेव्हा राखण चालू होते आणि जुनी घाण आत राहते.

एसक्युलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फॉरिन की मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते. ॲपने चालू केली, पण रात्री कुणी कमांड लाइनवरून चार ओळी खोडल्या, तर त्या कनेक्शनला काही माहीत नसतं. तिथला 'इंटेग्रिटी चेक' चालवून 'ओके' आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. तो फॉरिन की पाहतच नाही, त्यासाठी 'फॉरिन की चेक' हा वेगळा प्रॅग्मा, म्हणजे हुकूम, आहे. एस्क्यूएल सर्व्हरच्या 'चेकडीबी'चीही तीच गत: तो पानं, साखळ्या, इंडेक्स पाहतो, आणि दुव्यांसाठी 'चेककन्स्ट्रेंट्स' निराळा. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये मोठ्या चालू टेबलावर फॉरिन की लावायची रीत मला सगळ्यांत समंजस वाटते: आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावायची, म्हणजे नवीन ओळींना लगेच अटकाव होतो; मग जुन्या पोरक्या ओळी शोधून निस्तरायच्या; मग 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवायचं, ज्यात तपासणी चालू असताना लिहिणारे थांबत नाहीत. दोन पायऱ्यांमधलं अंतर मात्र वर्षभराचं होऊ शकतं, आणि तोवर ती अर्धवट राखण कुणाच्या लक्षात राहत नाही.

अनेक रकान्यांच्या कीमध्ये आणखी एक फट आहे. समजा दुवा शाखा आणि कोड या दोन रकान्यांनी बनलेला आहे. एस्क्यूएलच्या प्रमाणित नियमांतली नेहमीची रीत अशी, की त्यांतला एकही रकाना नल असेल तर संपूर्ण तपासणी माफ. शाखा नल आणि कोड निव्वळ चुकीचा, तरी ओळ आत. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये 'मॅच फुल' लिहून हे बंद करता येतं. एरवी दोन्ही रकाने 'नॉट नल' करणं हाच सरळ मार्ग.

आता सगळ्यांत चिवट प्रकार. दोन्ही बाजूंना कोड आहे, डोळ्यांना तो एकच दिसतो, आणि तरी जुळत नाही. अशा वेळी स्क्रीनवर विश्वास न ठेवता दोन्ही कोडांची लांबी आणि हेक्स, म्हणजे आतले बाइट आकड्यांत, काढून पाहायचे. एकीकडे शून्यासकट मजकूर म्हणून '००१२३', दुसरीकडे संख्या म्हणून १२३, हे तर नेहमीचंच. शेवटी लागलेली मोकळी जागा त्याहून फसवी. मायएस्क्यूएलच्या जुन्या कोलेशनमध्ये, म्हणजे मजकूर ताडण्याच्या नियमांत, शेवटच्या जागा तुलनेत धरल्याच जात नाहीत, आवृत्ती ८.० सोबत आलेल्या '०९००' मालिकेच्या कोलेशनमध्ये धरल्या जातात. म्हणजे वर्षानुवर्षं जुळत आलेले दुवे कोलेशन बदलल्याच्या दिवशी तुटतात, आणि डेटातला एक बाइटही हललेला नसतो. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा येते, युनिकोडमध्ये यू+००ए०. ती साध्या ट्रिमने जात नाही, कारण ट्रिम फक्त नेहमीची जागा कापतो.

देवनागरीत नावं की म्हणून वापरली तर हे संकट दुप्पट होतं. 'ॲल्युमिनियम' या शब्दातला पहिला ॲ घ्या. तो यू+०९७२ असा एकसंध टाइप होतो, किंवा अ आणि वरची अर्धचंद्राची खूण अशा दोन तुकड्यांत. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे बाइट तीन, दुसऱ्याचे सहा. पडद्यावर दोन्ही बहुधा हुबेहूब दिसतात, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे समान रूपं एकसारखी करणारी रीतही, त्यांना एक करत नाही. 'दुसऱ्या'मधला ऱ तसाच: यू+०९३१ म्हणून येतो, किंवा र आणि नुक्ता म्हणून. ही जोडी नॉर्मलायझेशनने एक होते, एवढा दिलासा. पण तिसरी रीतही चालत आलेली आहे, र, हलन्त आणि पाठीमागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, आणि ती नॉर्मलायझेशनला दाद देत नाही. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून आलेल्या याद्या एकत्र केल्या की एकाच नावाची तीन रूपं तीन पॅरेंट होऊन बसतात. नाव हे वाचायला असावं. जोडायला अर्थ नसलेला कोरा आकडा बरा.

आकड्याचीही एक खोड आहे. दुवा सापडतो, पॅरेंट जिवंत आहे, फॉरिन की नंतर लावली तरी समाधानी, फक्त पॅरेंट भलताच आहे. खोडलेल्या ओळीचा क्रमांक नव्या ओळीला मिळाला की असं होतं. मायएस्क्यूएल ८.० च्या आधी त्याच्या इनोडीबी इंजिनचा पुढचा क्रमांक फक्त मेमरीत असे. शेवटच्या ओळी खोडून सर्व्हर पुन्हा सुरू केला की तेच क्रमांक परत वाटले जात. एसक्युलाइटमध्ये 'ऑटोइन्क्रिमेंट' न लिहिलेल्या टेबलात आजही तसं घडू शकतं. तिथे फॉरिन की नसेल, किंवा दुवा दुसऱ्या डेटाबेसमध्ये असेल, तर जुनं बिल आपसूक नव्या वस्तूला चिकटतं. लेफ्ट जॉइन इथे काहीच दाखवत नाही. याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज असते: पॅरेंट तयार झाल्याची तारीख चाइल्डच्या तारखेनंतरची आहे का, बिलावर छापलेलं वस्तूचं नाव आणि मास्टरमधलं नाव जुळतं का. शिस्तीचे लोक एकच गोष्ट दोनदा साठवू नये म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तरी बिलावर त्या दिवशीचं नाव गोठवून ठेवलेलं असलं तर पडताळणीच्या वेळी त्याचे उपकार वाटतात.

'खोडलेलं' अशी खूण करून ओळ राखून ठेवण्याच्या पद्धतीतही राखणदार फसतो. त्याच्या दृष्टीने पॅरेंट हजर असतो, पडद्याच्या दृष्टीने नसतो. स्वतःच्याच टेबलाकडे दुवा असलेल्या झाडांत गोल फेरा बसला, अ चा पॅरेंट ब आणि ब चा पॅरेंट अ, तरी प्रत्येक दुवा वैध ठरतो. तिथे मुळापासून उतरत जाऊन पोचता येणाऱ्या ओळी मोजायच्या आणि एकूण ओळींशी ताडायच्या. जितक्या कमी, तितक्या बेटावर अडकलेल्या. प्रकार आणि क्रमांक अशा जोडीने अनेक टेबलांकडे जाणाऱ्या दुव्याला फॉरिन की लावताच येत नाही; प्रत्येक प्रकारासाठी वेगळी क्वेरी लिहावी लागते, आणि आधी प्रकारांची वेगळी यादी काढावी लागते, कारण 'बील' असं चुकून लिहिलेला प्रकार त्यांतल्या एकाही क्वेरीत येत नाही.

टेबलातून डिस्कवरच्या फाइलीकडे जाणारे दुवे तर पूर्ण उघड्यावर असतात. रकान्यात मार्ग लिहिलेला, फाइल फोल्डरमध्ये, आणि दोघांवर नजर ठेवणारा कुणीही नाही. डेटाबेसचा बॅकअप रात्री दोनला आणि फोल्डरचा पावणेतीनला घेतला, तर परत उभारताना मधल्या पाऊण तासाचा ताळमेळ बसत नाही. दोन याद्या काढायच्या, टेबलातले मार्ग आणि डिस्कवरचे मार्ग, दोन्ही एकाच पद्धतीने लावून घ्यायच्या आणि दोन्ही दिशांनी वजाबाकी करायची. नावातल्या लहानमोठ्या लिपीवर लक्ष ठेवायचं: विंडोजवर सापडणारी फाइल लिनक्सवर तेवढ्यासाठी हरवते. आणि फाइल आहे यावर थांबायचं नाही, शून्य बाइटची फाइलही 'आहे' असंच सांगते. चढवताना आकार आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळा आकडा) टेबलात लिहून ठेवला असेल तरच ती तीच फाइल आहे असं म्हणता येतं.

क्वचित पडताळणीचा हातच दुखावलेला असतो. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती २०१८ साली आली आणि तिने अक्षरांचा क्रम बदलला. तिच्यावर अवलंबून असलेले पोस्टग्रेएस्क्यूएलचे मजकुरावरचे इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूच्या, जुन्या क्रमाने लावलेले राहिले. ओळ टेबलात असते, इंडेक्सवाटे शोधली तर सापडत नाही. पोरक्या ओळी शोधणारी क्वेरी त्याच इंडेक्सवरून चालली तर धडधाकट ओळीलाही पोरकी ठरवते. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतर आधी इंडेक्स तपासणारं 'एएमचेक' चालवावं, गरज पडली तर रीइंडेक्स करावं आणि मगच दुव्यांकडे वळावं.

त्या सतरा ओळींकडे येऊ. आधी त्या जशाच्या तशा एका वेगळ्या टेबलात उतरवल्या, शेजारी तारीख आणि कारणासाठी एक मोकळा रकाना. पोरकी ओळ खोडून बेरीज जुळवणं ही सगळ्यांत सोपी दुरुस्ती आहे आणि ती कधीही करू नये. ती ओळ हाच एकमेव पुरावा असतो. मग त्या तासनिहाय लावल्या. विखुरलेल्या निघाल्या तर बहुधा प्रोग्राममधली शर्यत: एकाने पॅरेंट आहे ना हे पाहिलं, तेवढ्यात दुसऱ्याने तो खोडला, दोघांनी कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला. पुंजका निघाला तर एखादं मोठं काम. इथे चौदा ओळी एकाच रात्री २.१० ते २.१४ या चार मिनिटांत आल्या होत्या, आणि त्या चौदांना हवे असलेले कोड फक्त तीन होते. बिलांचा डंप ताजा, वस्तूंचा डंप आदल्या दिवशीचा, आणि भरताना राखण बंद. ते तीन कोड नंतरच्या बॅकअपमध्ये सापडले. मधल्या काळात ते दुसऱ्या कुणाला दिले गेले नाहीत ना, हे पाहून तीन ओळी मास्टरमध्ये परत घातल्या, आणि चौदा बिलांना हात न लावता ती जुळली.

उरल्या तीन. दोघींच्या कोडची लांबी सहाऐवजी सात निघाली. हेक्समध्ये शेवटी सी२ ए० हे दोन बाइट दिसले, म्हणजे तीच न तुटणारी जागा. ट्रान्झॅक्शन उघडून अपडेट चालवलं, 'दोन ओळी बदलल्या' हे वाचून घेतलं, मगच कमिट. आकडा तीन आला असता तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे.

शेवटच्या ओळीचा कोड कुठल्याच बॅकअपमध्ये मिळाला नाही. लांबी बरोबर, बाइट स्वच्छ, तारीख साधीसुधी दुपारची, नग चार. मास्टरमध्ये तिच्यासाठी 'मूळ नोंद सापडली नाही' अशी एक ओळ तयार केली, तिचा मूळ कोड शेऱ्यात जपून ठेवला आणि फॉरिन की व्हॅलिडेट केली. दोन्ही रिपोर्ट आता ४८,२१२ दाखवतात. दुसऱ्या रिपोर्टात अगदी तळाशी, नावांच्या यादीत, ती चार नगांची ओळ त्या नावाखाली दिसते.